परसातला कातळ

गिल्बेर्तो फुर्तादोला अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याचे दोन्ही हात एका मासेमारी बोटीच्या इंजिनात होते. अडतीस वर्षं त्यानं मॅसॅच्युसेट्सच्या त्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त केली होती. गोदीवर म्हणायचे, गिल नुसता कान लावतो आणि आत काय बिघडलंय ते सांगतो. झटक्यानं त्याची उजवी बाजू गेली, निम्मी वाचा गेली. कान तेवढे शाबूत राहिले.

घर अरुंद, दोन मजली. बाथरूम वर, चौदा पायऱ्या चढून. दवाखान्यातून आणल्यावर गिलसाठी दवाखान्याची लोखंडी खाट जेवणाच्या खोलीत लागली आणि कोपऱ्यात पडद्यामागे भोकाची खुर्ची. त्या खुर्चीचं भांडं त्याची बायको देओलिंदा दिवसातून चार वेळा वर नेऊन रिकामं करायची. ती स्वतः बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायची, हाक ऐकू यावी म्हणून. असं वर्ष गेलं.

देओलिंदा उंचीला पाच फूटसुद्धा नाही. शाळेच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई, त्यामुळे चारशे पोरांच्या गोंगाटातही ऐकू जाईल असा आवाज. मार्चमध्ये एका सकाळी तिनं सुपाची वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि सांगून टाकलं, "पश्चिमेच्या अंगाला एक खोली काढायची. खोली आणि तिलाच जोडून बाथरूम. मी गावच्या ऑफिसात जाऊन आले."

अडचण एकच होती. गावचा नियम असा की शेजाऱ्याच्या हद्दीपासून पंधरा फूट मोकळे सोडायचे. खोली बांधली तर सहाच उरत होते. म्हणजे नियमातून सूट मागायला बोर्डापुढे उभं राहायचं.

"नको," गिल म्हणाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागायचा. "माझं... दुखणं... गावासमोर."

"दुखणं कशाला? नकाशा दाखवायचाय."

"टीव्हीवर दाखवतात ते."

"मग बरं झालं. केस सेट करून जाते."

तो गेला नाही. एप्रिलमधल्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता त्यानं गावच्या वाहिनीवर आपल्या बायकोला पाहिलं. निळा ड्रेस, हातात पर्स घट्ट धरलेली, समोर लांब टेबलामागे पाच माणसं. पाचांपैकी चार मतं मिळाली तरच सूट. मधल्या खुर्चीत अध्यक्ष मिसेस ट्रिप. जमिनीच्या नोंदणी कचेरीत आयुष्य गेलेलं, चष्मा दोरीला बांधलेला. गावात तिला सगळे 'मिसेस नाही' म्हणत.

देओलिंदा बोलली, चांगलं बोलली. चौदा पायऱ्या सांगितल्या, खाट सांगितली. भोकाच्या खुर्चीबद्दल मात्र एक अक्षर काढलं नाही. घरी बसलेल्या गिलनं तेवढं टिपलं.

मिसेस ट्रिपनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिसेस फुर्तादो, तुमच्या यजमानांबद्दल मला वाईट वाटतं. पण कायद्यात माणसाची अडचण धरत नाहीत, जमिनीची धरतात. माणूस आज आहे, उद्या घर विकून जाईल. भिंत तिथेच राहते. तुमचं परस एवढं मोठं रिकामं पडलंय, तिथे का नाही बांधत?"

"तिथे खाली कातळ आहे."

"कशावरून?"

"चाळीस वर्षं मी तिथे भाजी लावायचा प्रयत्न करतेय, त्यावरून."

कुणीतरी हसलं. मिसेस ट्रिप हसली नाही. "हा पुरावा झाला नाही."

मग पलीकडच्या घरातला कॉलिन वेअर उठला. दोन वर्षांपूर्वी बॉस्टनहून आलेला तरुण, घरी बायको आणि सहा महिन्यांची मुलगी. त्यानं फोटो दाखवला. त्याच्या स्वयंपाकघराची एकुलती एक मोठी खिडकी फुर्तादोंच्या अंगाला होती. "भिंत आली की आमचं सकाळचं ऊन गेलं," तो म्हणाला. खाली बसताना त्याचे कान लाल झाले होते.

मिसेस ट्रिपनं निकाल दिला नाही. सुनावणी एक महिना पुढे ढकलली. "काही दाखवण्यासारखं असेल तर घेऊन या," एवढंच म्हणाली.

देओलिंदा घरी आली, कोट काढला, गिलची उशी नीट केली.

"कडक... आहे बाई," तो म्हणाला.

"कडक नाहीये. ती नियम वाचून आली होती. मी वाचून गेले नव्हते."

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयातून नियमांची पानं छापून घेऊन आली. आठवीनंतर शाळा सुटलेली बाई. जेवणाच्या टेबलावर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचायची, अडलं की परत वाचायची. तिसऱ्या दिवशी तिला हवी ती ओळ सापडली. जमिनीचा आकार, माती किंवा चढउतार यांमुळे जी अडचण त्याच एका जागेला येते आणि आसपासच्या जागांना येत नाही, तिच्यासाठी सूट देता येते. 'त्याच एका' या शब्दांखाली तिनं दोन रेघा ओढल्या.

मग ती गिलचे रबरी बूट चढवून, तळघरातली पहार खांद्यावर टाकून परसात गेली.

तिची रीत अशी होती. सुतळी ताणून परसाचे तीन-तीन फुटांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक कोपऱ्यावर पहार मारायची आणि तिथे खुंटी रोवायची. थंडीत जमीन चार फुटांपर्यंत गोठते, म्हणून पाया तेवढा खाली न्यावा लागतो. एका फुटाच्या आत पहार अडली की तिथल्या खुंटीला जुन्या पडद्याची लाल चिंधी. चार फुटांच्या आत अडली तर पिवळी. चार फूट सरळ गेली तर हिरवी. आणि सगळं नातवाच्या गणिताच्या वहीत उतरवायचं.

गिल खिडकीतून बघत होता. पहिल्या दिवशी त्याला लाज वाटली. सदुसष्ट वर्षांची बायको चिखलात उभी राहून लोखंड आपटतेय आणि आपण पांघरुणात. दुसऱ्या दिवशी तो ऐकायला लागला. पहार अडायची तेव्हा दोन तऱ्हेचे आवाज यायचे. एक बद्द, पोटातल्या पोटात विरणारा. दुसरा ठण्ण, लांबवर जाणारा, पायाखालच्या फरशीलाही कळणारा.

त्यानं डाव्या हातानं काच वाजवली. देओलिंदा धावत आत आली.

"काय झालं? पडलास का?"

"नाही. तो... धोंडा आहे. कातळ नाही. फूटभर... सरक."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग बाहेर जाऊन फूटभर सरकली, पहार मारली, आणि पहार चार फूट आत गेली. लाल चिंधी सोडून तिनं हिरवी बांधली. खिडकीकडे वळून ओरडली, ते तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल, "अरे वा रे इंजिनवाल्या! वर्षभर बसून खाल्लंस, आता कामाला लाग!"

तेव्हापासून ठरलं. काचेवर एक टकटक म्हणजे धोंडा, दोन म्हणजे कातळ. पाऊस असो, वारा असो, रोज सकाळी दोन तास. तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, तिथे घट्टे पडले. अठरा दिवसांत एकशे अठरा भोकं झाली. सारं परस लाल दिसत होतं. पश्चिमेच्या पट्टीवर तेवढं हिरवं.

"पण हे आपल्याच जागेला आहे, हे कसं दाखवणार?" ती एका सकाळी पावाला लोणी लावता लावता म्हणाली आणि स्वतःच उत्तर दिलं, "शेजाऱ्यांच्यातही मारायला लागेल."

मागच्या घरातला म्हातारा रेबेलो लगेच हो म्हणाला. राहिला कॉलिन वेअर. पहार घेऊन ती त्याच्या दारात उभी राहिली, ते गिलनं खिडकीतून पाहिलं. पुढचं तिनं परत आल्यावर सांगितलं.

"मी म्हटलं, तुमच्या परसात दहा भोकं पाडू द्याल का? तर तो म्हणतो, म्हणजे माझ्याच विरुद्ध वापरायला? मी म्हटलं, हो."

"मग?"

"मग काय, हसायला लागला. म्हणाला, पाडा. निदान तोंडावर सांगितलंत." तिनं बूट काढले. "चिखलाचे पाय म्हणून स्वयंपाकघराच्या दारानं आत घेतलं त्याच्या बायकोनं. कॉफी दिली. पातळ होती, पण दिली. गिल, तो खोटं बोलत नव्हता. साडेनऊपर्यंत टेबलभर ऊन असतं त्यांच्याकडे. तिथेच बसून पोरीला भरवते ती."

त्याच्या परसात पहार दहाच्या दहा वेळा लोण्यात जावी तशी गेली होती. रेबेलोकडेही तेच. कातळ होता तो फुर्तादोंच्याच जागेखाली.

मे महिन्यातल्या शनिवारी बोर्ड जागा पाहायला आलं. पाच माणसं रंगीत चिंध्यांमधून वाट काढत फिरली. चिंध्या काय, कुणीही बांधेल, हा विचार गिलला मिसेस ट्रिपच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. तिनं चष्मा छातीवर सोडला आणि हात पुढे केला.

"पहार द्या."

जिथे एकही खुंटी नव्हती अशी जागा तिनं निवडली आणि पहार मारली. पहार अडली. गिलनं एकदा काच वाजवली.

"कोण ठोकतंय ते?"

"आमचे हे," देओलिंदा म्हणाली. "एक म्हणजे धोंडा. दोन म्हणजे कातळ. आवाजावरून सांगतात."

मिसेस ट्रिपनं पहार उपसली. एक पाऊल बाजूला सरकली, पुन्हा मारली. पहार मुठीपर्यंत आत गेली. ती पलीकडच्या कोपऱ्यात गेली. ठण्ण. काचेवर दोनदा. तिनं चारही बाजूंनी मारून पाहिलं, सगळीकडे ठण्ण. सात जागा तिनं पाहिल्या. मग पहार देओलिंदाच्या हातात देऊन तिच्या तळहातांकडे क्षणभर बघितलं.

"हं," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

पुढच्या बुधवारी गिल स्वतःहून म्हणाला, "मी येतो."

सभागृहात त्याची चाकाची खुर्ची देओलिंदानं पहिल्या रांगेच्या कडेला लावली. गोदीवरचे चार-पाच जण मागे बसले होते. टाय बांधलेला गिल त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. देओलिंदानं गणिताची वही टेबलावर ठेवली. या वेळी पायऱ्यांबद्दल बोलली नाही, खाटेबद्दल नाही. माती, कातळ आणि चार फुटांचा पाया. परसात बांधायचं तर सुरुंग लावावे लागतील आणि आजूबाजूच्या जुन्या घरांचे पाये हलतील. मग तिनं खोलीचं नवं चित्र भिंतीवर दाखवलं.

गिल चित्राकडे बघत राहिला. पहिल्या चित्रात उंच उतरतं छप्पर होतं आणि छपराखाली माळा. माळ्यावर खिडकीशी तिचं शिवणाचं मशीन. दोनदा तिनं त्याला बोटानं दाखवलं होतं, इथे मी बसणार म्हणून. नव्या चित्रात माळाच नव्हता. छप्पर बुटकं, सपाट.

"छप्पर खाली का आणलंत?" मिसेस ट्रिपनं विचारलं.

"शेजाऱ्यांच्या खिडकीत ऊन यायला."

गिलनं तिच्याकडे पाहिलं. तिनं मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही.

कॉलिन वेअर उठला. "मला ही भिंत आजही फारशी आवडत नाही, हे खरं सांगतो," तो म्हणाला. "पण ऊन येतंय. माझी हरकत मी मागे घेतो."

बोर्डातला एक सभासद, मिस्टर लुंड, मान हलवत होता. "पंधराचे सहा म्हणजे फार झालं. आज यांना दिलं तर उद्या सगळं गाव दारात उभं राहील."

"सगळ्या गावानं आधी एकशे अठरा भोकं पाडून यावं," मिसेस ट्रिप म्हणाली. "मिस्टर फुर्तादो, आपल्याला काही सांगायचंय?"

गिलनं खुर्चीचा हात धरला. शब्द यायला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

"नाही," तो म्हणाला. "ती... बोललीय. मी... एवढं चांगलं... बोललो नसतो. झटक्याच्या... आधीसुद्धा."

गोदीवाले मागून मोठ्यानं हसले आणि मिसेस ट्रिपनं हातोडी आपटून त्यांना गप्प केलं. मतं घेतली. लुंड विरुद्ध, तिघे बाजूनं. शेवटचं मत अध्यक्षांचं. तिनं चष्मा लावला, वही एकदा चाळली, चष्मा काढला.

"जमिनीची अडचण शाबीत झाली आहे. बाजूनं."

देओलिंदानं 'थँक यू' म्हटलं तेव्हा तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. बाहेर रॅम्पवरून खुर्ची उतरवताना गिल म्हणाला, "मशीन?"

"कुठलं मशीन?"

"शिवणाचं."

"जेवणाची खोली रिकामी होतेय ना तुझी," ती म्हणाली. "चांगली ऐसपैस आहे."

अपिलाची मुदत संपल्यावर जूनमध्ये तिच्या भाच्यानं पाया खणला आणि ऑक्टोबरात खोली उभी राहिली. दार रुंद, उंबरा नाही, बाथरूमच्या भिंतींना धरायला दांडे. पहिल्या दिवशी गिल आत गेला, दार लावून घेतलं आणि चाळीस मिनिटं बाहेर आला नाही. देओलिंदा दोनदा दारापर्यंत गेली आणि न ठोठावताच परत फिरली.

लोखंडी खाट दवाखान्याला परत गेली. तिच्या जागी नव्या खोलीत त्यांचा जुना दुहेरी पलंग आला. तो वरून काढताना भाच्यानं जिन्याची भिंत खरवडली आणि मावशीच्या शिव्या खाल्ल्या. रविवारी चर्चहून आल्यावर दोघांनी सूप आणि पाव खाल्ला. ती म्हणाली, जरा पाठ टेकते, पाच मिनिटं. बूटसुद्धा काढले नाहीत, पांघरुणावरच आडवी झाली. वीस महिन्यांनी ती त्याच्या शेजारी होती. गिलनं डावा हात लांब करून तिचे बूट एकेक करून सोडवले. नाड्यांच्या गाठी एका हातानं सुटायला बराच वेळ लागला. मग चहाची वेळ टळून गेली तरी त्यानं तिला उठवलं नाही.