धाकट्याचा फोन

“आज नीट ऐका हं ताई,” असं म्हणत रेडिओनं इअरफोनचं एक टोक स्वतःच ताईच्या कानात बसवलं आणि दुसरं आपल्या कानात घातलं.

“रोज काय वाकडं ऐकते का मी?” ताई म्हणाली.

रेडिओ नुसतीच हसली. दोघींच्या मध्ये, टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. समोर स्पिरिटचा दिवा जळत होता. ताईच्या हातात मेणाची गुलाबी हिरडी होती आणि ती तिच्यात एकेक दाढ बसवत होती. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या त्या कारखान्यात ताईची उमेदीची वर्षं गेली होती. रेडिओ तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. शेजारच्या खुर्चीवर बसून ती साचे घासायची आणि दिवसभर बोलायची, म्हणून पॉलिशवाल्या काकांनी तिचं नाव रेडिओ ठेवलं. तिला ते आवडलंही होतं.

दर गुरुवारी सकाळी ‘गुरुवारची गोष्ट’ यायची. तिचं वेड आधी ताईचं. घरी एकटी असायची, रात्री डोळे दुखायचे, वाचवत नसे. कुणीतरी हा पॉडकास्ट सांगितला आणि त्या गोष्टवाल्याचा खर्जातला, जराही घाई नसलेला आवाज तिच्या आठवड्यात येऊन राहिला. पुढचे दात बसवताना लक्ष लागतं, दाढा मात्र हात आपोआप बसवतात. म्हणून ती दाढांचं काम गुरुवारसाठी मागं राखून ठेवी. रेडिओनं एकदा “काय ऐकता एवढं?” म्हणून कान पुढं केला, तेव्हापासून एका वायरीला दोघी जोडल्या गेल्या. एकीला शिंक आली तर दुसरीच्या कानातून गोष्ट निसटायची.

आणि मग जेवणाच्या सुट्टीत भांडणं. गोष्टीतली माणसं जशी काही दोघींच्या नात्यातलीच.

“त्या बाईनं घर विकायला नको होतं,” ताई म्हणायची.

“अहो, विकलं नसतं तर गोष्ट पुढं कशी सरकली असती?”

“गोष्ट सरकावी म्हणून घर विकायचं का माणसानं?”

“तुम्ही पण ना ताई!”

पण त्या दिवशी गोष्टवाला नेहमीसारखा गोष्टीत शिरला नाही. म्हणाला, आजची गोष्ट आपल्याच एका श्रोत्या मैत्रिणीची आहे. तिची स्वतःची, तिच्या घरात घडलेली. मग त्यानं एक नाव घेतलं. ते कुणाचं हे ताईला चटकन कळलंच नाही. पगाराचा दिवस सोडला तर ते नाव कुणी वापरतच नसे. मग तिनं मान वळवून रेडिओकडं पाहिलं. रेडिओ गालातल्या गालात हसत होती.

“अगं! तू?” ताईचा चेहरा उजळला. “आणि बोलली नाहीस!”

“शूऽऽ. ऐका तर.”

ताईनं हातातली दाढ खाली ठेवली. मोठ्या कौतुकानं ती ऐकू लागली.

गोष्टीत एक म्हातारे वडील होते. त्यांना नीट दिसत नव्हतं, ऐकूही कमी येत होतं. पुढच्या खोलीत जुना फोन होता आणि ते त्याच्याजवळच खुर्ची टाकून बसायचे, लांब गेलेल्या मुलाचा फोन येईल म्हणून.

ताईनं कानातलं टोक बोटानं आणखी आत दाबलं.

मुलाचे फोन कमी होत गेले, मग बंद झाले. वडील चिडचिडे झाले, जेवेनासे झाले. मग एका रविवारी मुलगी मोबाइल घेऊन जिन्यात गेली, तोंडावर ओढणी धरली, आवाज जाड केला आणि घरच्या फोनवर फोन लावला. ‘बाबा, मी बोलतोय.’

तिथून पुढं ताईला गोष्ट ऐकू येत होती की आठवत होती, हे सांगणं कठीण होतं. जिन्यातला तो उखडलेला कठडा. शेजारीण वर येताना दिसली की गप्प व्हायचं, आणि वडील तिकडून “हॅलो, हॅलो, गेला वाटतं!” म्हणून ओरडायचे ते. आणि दर वेळी त्यांचं ते आनंदानं हाक मारणं, “ताई, अगं ये लवकर, धाकट्याचा फोन आलाय!” आणि जिन्यात उभं राहून तिनंच म्हणायचं, “राहू दे बाबा, ताईशी नंतर बोलतो.”

सगळं होतं. शब्दन् शब्द.

हे तिनं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. मागच्या वर्षी एकदा भर दुपारी वीज गेली, यंत्रं बंद पडली, सगळे हात बांधून बसले. त्या सकाळची गोष्ट एका वाट बघणाऱ्या बापाची होती. ताईला राहवलं नाही. ती हळू आवाजात सांगत गेली आणि रेडिओ पहिल्यांदाच एक शब्द न बोलता ऐकत राहिली. शेवटी डोळे पुसत तिनं ताईचा हात घट्ट धरला. “माझ्या पोटात राहील ताई. कुणाला कळायचं नाही.”

आता गोष्टवाला शेवटाकडं आला होता. गोष्टीतला मुलगा खरं तर कधीच अपघातात गेलेला होता आणि मुलीनं ते वडिलांपासून लपवलं होतं. वडील अंथरुणाला खिळले. अखेरच्या घटकेला त्यांनी मुलीला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘फोनवर तू छान बोलायचीस गं पोरी,’ गोष्टवाला थकलेल्या, थरथरत्या आवाजात म्हणाला. ‘मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.’

मागं बासरी वाजायला लागली. ताईनं कानातलं टोक काढून टेबलावर ठेवलं.

“कशी झालीय?” रेडिओचे डोळे पाण्यानं भरले होते. “शेवटाला मी स्वतः रडले, लिहिताना. बोला ना ताई!”

ताई उठली. मोरीवर जाऊन तिनं हात धुतले. मेण साध्या पाण्यानं निघत नाही, तरी ती बराच वेळ धूत राहिली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत गोष्ट कारखानाभर झाली होती. रेडिओनंच सगळ्यांना पाठवली होती. पॉलिशवाले काका डबा तसाच हातात घेऊन या टेबलाशी आले. त्यांचं नाक लाल झालं होतं.

“पोरी,” ते रेडिओला म्हणाले, “एवढं सोसलंस आणि एवढी बडबड करतेस, पण त्यातलं कधी एका शब्दानं बोलली नाहीस! आणि आम्ही तुला रेडिओ म्हणतो.” त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “धन्य आहे तुझी.”

रेडिओनं ताईकडं पाहिलं. ताईनंही तिच्याकडं पाहिलं. आत्ता ही सांगेल, ताईला वाटलं. हसून म्हणेल, अहो काका, माझी कसली, मी ऐकलेली आहे. तेवढं म्हटलं असतं तरी ताईनं बाकी सगळं गिळलं असतं.

“चालायचंच काका,” रेडिओ मान खाली घालून म्हणाली. “आपल्या माणसासाठी करावंच लागतं.”

काका ताईकडं वळले. “काय ताई, तुम्हाला तरी माहीत होतं का हे?”

“नाही,” ताई म्हणाली. “मलाही आजच कळलं.”

संध्याकाळी सगळे निघाल्यावर रेडिओ घुटमळली. ताई दिवा विझवून हत्यारं पुसत होती.

“तुम्ही रागावलात.”

ताईनं पुसायला पुढची कोरणी उचलली.

“मी कुणाचं नाव घेतलं का सांगा बरं? तुमच्या भावाला तर मी मारूनच टाकलं. कुणाला संशयसुद्धा येऊ नये म्हणून.”

“उपकार झाले.”

“ताई, असं काय! तुमच्याच आवडत्या माणसानं वाचली, मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. मी किती दिवस मनात दाबून ठेवलं होतं, तुम्हाला चकित करायचं म्हणून.”

“स्वतःची म्हणून पाठवलीस?”

रेडिओनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “खरी असेल तरच घेतात ते.”

“मग माझी म्हणून का नाही पाठवलीस?”

“तुम्ही पाठवू दिली असती?”

“नाही.”

“बघा मग!” रेडिओ जणू खटला जिंकल्यासारखी म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा पडला. “माझ्याकडं सांगण्यासारखं काय आहे हो ताई? घर, कारखाना, घर. मी एवढी बोलते, पण माझं कुणी ऐकतं का? आज पहिल्यांदा लोक माझ्याजवळ येऊन गप्प उभे राहिले.”

ते ऐकून एरवी ताई विरघळली असती. तिनं कोरणी कपाटात ठेवली, कपाट लावलं.

“शेवट कुणी सांगितला तुला?”

“शेवट?”

“माहीत होतं म्हणाले ते. ते कुणी सांगितलं?”

“तो मीच केला,” रेडिओ चाचरत म्हणाली. “तुमचा शेवट तसा... काहीच नव्हता ना. वडील गेले, बस्स. ऐकणाऱ्याला अधांतरी वाटलं असतं.”

“अधांतरीच होतं गं,” ताई म्हणाली. “तेवढंच होतं माझ्याकडं.”

रेडिओला ते कळलं नाही. कळण्यासारखं ताईनंही तिला कधी सांगितलं नव्हतं. वडील दुपारचं जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. ताई तेव्हा कामावर होती. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे त्यानंतर कुणालाच विचारता येणार नव्हतं. पण त्या न कळण्यात ताईनं आपली सोय लावून घेतली होती. एखाद्या दिवशी थकून घरी आली की तिला वाटे, त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्यासाठी ते फसल्याचं सोंग करत होते. दुसऱ्या दिवशी वाटे, छे, बिचारे सुखानं फसले, मुलगा बोलतोय याच आनंदात गेले. दोन्हींत तिला बाप मिळायचा. आज बासरी वाजवून कुणीतरी निकाल लावून टाकला होता. आणि वाईट असं की बसमध्ये बसल्यावर तिनं वडिलांची हाक आठवून पाहिली, तर ती गोष्टवाल्याच्या आवाजात आली.

दुसऱ्या दिवशी तिनं मालकांना सांगून खिडकीकडची जागा मागून घेतली. उजेड बरा पडतो म्हणाली. रेडिओ दोन-तीनदा डब्यातलं काहीबाही घेऊन आली, ताईनं ते घेतलंही, “छान झालंय” असंही म्हणाली. भांडली असती तर रेडिओला सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तेव्हा फोन वाजला. धाकटा होता. वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी, काही काम निघालं तरच तो फोन करायचा. ताईनं ओले हात पदराला पुसले.

“ताई, तू ते गोष्टीबिष्टी ऐकतेस ना? मी एक पाठवलीय बघ तुला. हिनं गाडीत लावली होती. मला गाडी बाजूला घ्यावी लागली गं.”

ताई उभी होती तिथंच स्टुलावर बसली. “कोणती?”

“अगं, एक मुलगी भावाच्या आवाजात बापाशी फोनवर बोलते. भाऊ गेलेला असतो. काय बहीण असेल! ही म्हणाली, अशी माणसं हल्ली कुठं असतात.”

त्यानं ओळखलं नव्हतं. फोनजवळची खुर्ची, उखडलेला कठडा, तो लहानपणी ज्या जिन्यावरून रोज उड्या मारायचा तो जिना, सगळं ऐकूनही त्याला वाटलं ही दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे. गोष्टीतला भाऊ मेलेला होता आणि हा तर जिवंत होता.

ताई त्याचा आवाज ऐकत होती. आवाज जाडसर, जरा घोगरा झाला होता, वाक्याच्या शेवटी त्याला धाप लागत होती. इतकी वर्षं ती जिन्यात जो आवाज काढायची, तो याच्यासारखा नव्हताच. तो याच्याहून पुष्कळ मायाळू होता.

“ताई, एक विचारू?” तो म्हणाला. “बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले होते का गं? म्हणजे, असं काही?”

त्याला द्यायला तिच्याजवळ वाक्यं पुष्कळ होती. मुलासाठी म्हणून वडील जे जे फोनवर बोलले होते, ते सगळं तिनंच तर ऐकलं होतं. एखादं काढून दिलं असतं तर त्यानं आयुष्यभर जपलं असतं.

“नाही रे,” ती म्हणाली. “जेवले, आडवे झाले, झोपेत गेले. मी कामावर होते. शेवटी काहीच बोलले नाहीत.”

“हं.” तो म्हणाला, “पण मी फोन करायचो त्यांना. अधूनमधून का होईना. करायचो ना?”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती होत नव्हती. ओल्या चादरीचं पाणी ताईच्या पायावर टपकत होतं.

“नाही,” ताई म्हणाली. “तू नव्हतास करत.”

पलीकडं एकदम काही ऐकू येईनासं झालं. एरवी अशी शांतता पडली की ताई लगेच काहीतरी बोलून ती भरून काढायची. वडिलांशी बोलताना, भावाशी, रेडिओशीही. ती सवय तिच्या जिभेवर आलीच होती. तिनं ओठ मिटून घेतले, फोन कानाशी तसाच धरला, आणि तो स्वतः काय बोलतो याची वाट बघत बसून राहिली.