पान नऊ

१२

"बिराजदार, ही नस्ती तेवढी उसवा," कार्यालयप्रमुख नीरजा मॅडम म्हणाल्या. "पान नऊ काढा आणि पुढच्या पानांवर नवे आकडे टाका. उद्या खंडपीठात न्यायची आहे."

आवाज नेहमीसारखा मऊ होता. चहाही सांगितला होता.

शिवशरण बिराजदारांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. वसतिगृह मंडळाच्या कार्यालयात निविदांचं टेबल एकवीस वर्षं त्यांच्याकडे होतं. निवृत्तीला सात महिने उरले होते. आणि पान नऊवरचा परिच्छेद चौदा त्यांच्याच अक्षरातला होता.

बाकीचे कारकून फायलीच्या कागदांना टॅग लावत. बिराजदार नस्ती शिवत. त्यांचे वडील लोहाऱ्याच्या आडत बाजारात पोती शिवायचे. ते गेल्यावर त्यांचं दाभण बिराजदारांच्या ड्रॉवरमध्ये आलं. दर तिसऱ्या टाक्याला एक उलटा वेढा, शेवटी बसकी गाठ. गाठ कापणं कुणालाही जमलं असतं, पण पुन्हा तशीच मारणं ऑफिसात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. म्हणून तर त्यांना बोलावलं होतं.

१३

शरिफाबी परंड्याच्या, पिंजारी घरातल्या. कापूस पिंजून गाद्या भरायचं काम सासऱ्यापासून चालत आलेलं. मंडळाच्या अकरा वसतिगृहांना गाद्या हव्या होत्या. चार निविदा आल्या. शरिफाबींचा दर सगळ्यात कमी निघाला, नमुन्याची गादी तपासणीत पास झाली. मग मॅडमना वरून फोन आला. निविदा 'तांत्रिक कारणास्तव' रद्द झाली आणि आठ दिवसांत नवी निघाली. तिच्यात एक अट वाढली होती : पुरवठादाराचा यंत्रावर चालणारा कारखाना हवा. चौघांत तसा कारखाना एकाचाच होता, आणि त्याचाच दर सगळ्यात जास्त होता.

दोन एस्ट्या बदलून शरिफाबी आल्या.

"अण्णा, तांत्रिक म्हंजे काय वो? माझी गादी कच्ची हाय का?"

"तसं कुणी म्हटलं न्हाय."

"मग काय म्हनलंय?"

बिराजदार टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथं नमुन्याच्या गादीवर सिद्धाराम शिपाई दुपारचा आडवा झाला होता.

"ते बघा," शरिफाबी म्हणाल्या. "माझी गादी चालत न्हाय म्हनं, अन् तुमचा शिपाई तिच्यावरच घोरतोय. त्याला तरी उठवून इचारा, कुठं टोचतंय का."

सगळं ऑफिस हसलं. त्या हसल्या नाहीत.

"कारण लिवून द्या. वाईट असलं तरी चालतंय."

ते कुणी दिलं नाही. त्या खंडपीठात गेल्या.

१४

हा परिच्छेद इथे नाही. पुढे येईल.

१५

दुपारी बिराजदार जेवायला घरी गेले. अयोध्याबाईंनी भाकरी वाढली आणि सगळं ऐकून घेतलं.

"काढा की मग एक पान. पुस्तकाची पानं गळत्यात, कुणी इचारतंय का?"

"मधीच उसवलेलं पोतं अप्पा परत शिवत नव्हते. माल पालटलाय, म्हणायचे. माझ्या टाक्यावर घेऊ नका."

"अप्पांना पेन्शन न्हवती," अयोध्याबाई म्हणाल्या.

चौकशी लागली तर पेन्शन वर्षानुवर्षं अडते, हे त्यांनी इतरांच्या नस्त्यांत पाहिलं होतं. ते भाकरीचा पापुद्रा काढत बसले.

"आन् लिवलं व्हतं काय एवढं त्या पानावर?" थोड्या वेळानं बाईंनी विचारलं.

"हाय तेच."

"मग जेवा आधी. गार व्हायलंय."

१६

चार वाजता त्यांनी मॅडमच्या टेबलावर नस्ती ठेवली. शेजारी दाभण ठेवलं.

"मॅडम, माझा हात होत नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून उसवून घ्या. मी तक्रार करणार नाही. पण कोर्टात कुणी विचारलं, हा टाका तुमचाच का, तर नाही म्हणेन."

मॅडमनी दाभण उचललं. मधोमध, जिथं बोटं बसतात तिथं, ते झिजलेलं होतं. त्यांनी टोक अंगठ्याला लावून पाहिलं. टेबलावरचा फोन वाजायला लागला. त्यांनी नाव वाचलं आणि फोन पालथा घातला. तो तसाच बराच वेळ थरथरत राहिला.

"तुम्हाला कुणी काही उसवायला सांगितलं नव्हतं," दाभण परत त्यांच्याकडे सरकवत त्या म्हणाल्या.

"बरं."

"सकाळी सहाला गाडी निघेल. डबा घ्या सोबत."

१४

मंडळाचे वकील इंग्रजीत बोलत होते. बिराजदार शेवटच्या बाकावर, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन. निविदा स्वीकारायची की रद्द करायची हा मंडळाचा अधिकार आहे, असं वकील म्हणाले.

"अधिकार कुणी नाकारत नाही," न्यायमूर्ती म्हणाले. "कारण विचारतोय."

वकील कागद चाळत राहिले. न्यायमूर्तींनी नस्ती वर मागवली. पान नऊवर ते थांबले आणि मराठीत मोठ्याने वाचू लागले :

"नमुना तपासणीत योग्य ठरला आहे. दर सर्वांत कमी आहे. निविदा रद्द करण्यासारखे कारण नस्तीवर आढळत नाही. आदेशार्थ सादर."

"याच्याखाली फक्त 'रद्द' आणि सही आहे," ते म्हणाले. "कारण कुठे आहे?"

वकिलांनी हातातले कागद खाली ठेवले.

गाद्या शरिफाबींकडूनच घ्या, असं कोर्टानं म्हटलं नाही. रद्द केल्याचा आदेश आणि नवी निविदा तेवढी बाजूला सारली. पहिल्या निविदेवर चार आठवड्यांत नियमानं निर्णय घ्या, आणि जो घ्याल त्याची कारणं लिहा, एवढंच. शेवटच्या बाकावर कोण बसलंय, हे कुणी विचारलं नाही.

१७

पुढच्याच आठवड्यात बिराजदारांना जिन्याखालचं आवक-जावकचं टेबल मिळालं. आदेशावर मॅडमची सही होती आणि 'प्रशासकीय कारणास्तव' असं लिहिलं होतं. बिराजदारांनी कोणतं कारण ते विचारलं नाही. दाभण खिशात घातलं आणि खुर्ची खाली नेली.

चार आठवड्यांच्या आत, नस्तीच्या प्रतीवरून, शरिफाबींचा दर मंजूर झाला, या वेळी कारणं लिहून. खंडपीठाकडून मूळ नस्ती परत आली त्या सकाळी फाटकात गाद्यांचा टेम्पो उभा होता. सिद्धाराम डोक्यावर दोन-दोन गाद्या घेऊन आत-बाहेर करत होता. शरिफाबी पोच घ्यायला जिन्याखाली आल्या.

"अण्णा, तुमी हितं कसं?"

"हितं वारं लागतं," बिराजदार म्हणाले.

त्यांनी पोचेवर शिक्का मारला. शरिफाबी निघाल्या नाहीत. टेबलावरच्या नस्तीकडे बघत होत्या. मग वाकून त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं, गादीची कड तपासावी तसं.

"हे कुणी शिवलंय?"

"का वो?"

"पोत्याचा टाका हाय. आता कुणाला येत न्हाय." बोट गाठीपाशी थांबलं. "कुठंच सैल न्हाय."

"वडलांचा हाय," बिराजदार म्हणाले.

त्या गेल्यावर त्यांनी नस्ती दोन्ही हातांनी धरून एकदा ओढून पाहिली, वडील गाडीत चढवण्याआधी पोतं ओढून बघायचे तशी. मग आवक नोंदवहीत तिचा क्रमांक लिहिला आणि पुढचं पाकीट उघडलं.