मामाच्या टेबलावरचा ढीग

इमारतींचे नकाशे काढायची नवी नोकरी लागली, म्हणून भाची दणकट लॅपटॉपची चौकशी करायला मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात आली. टेबलावर एकाच कंपनीच्या लॅपटॉपांचा ढीग पाहून तिने हातातल्या यादीतलं ते नाव फटकन खोडलं.

"इतके बिघडतात? नको रे बाबा!"

"अगं शहाणे, एक उलटा करून बघ तरी," मामा खेकसला.

मागे छापलेलं साल वाचून ती चाटच पडली. त्या साली ती पाचवीत होती.

"बारा वर्षं राबून पहिल्यांदा आलेत बिचारे. सुटे भागही अजून मिळतात. बाकीच्या कंपन्यांचे माझ्यापर्यंत पोचतच नाहीत, थेट भंगारात जातात."

भाचीने खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं, सगळ्यात वर.

"मामा, दुकान बंद करू नकोस हं. बारा वर्षांनी येते."