माझ्यावर उमटलेली पाखरं

मी काच बोलतेय. बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणालगत एका निसर्गसंस्थेचं कार्यालय आहे. तिथल्या बैठकीच्या खोलीची पूर्वेकडची अख्खी भिंत म्हणजे मी. वाळू वितळवून भट्टीत माझा जन्म झाला म्हणतात, मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते इथे आल्यानंतरचं, आणि ते विसरता येत नाही.

संस्थेच्या प्रमुख मृणालिनीताई. त्यांनीच मला हौसेने बसवून घेतलं. "भिंत कशाला हवी? जंगल आत येऊ दे ना," त्या म्हणाल्या होत्या. आत बसलेल्यांना माझ्यातून जांभूळ आणि करंज दिसायचे. बाहेरून येणाऱ्यालाही जांभूळ आणि करंजच दिसायचे, पण ते माझ्यातलं प्रतिबिंब असायचं. माणसाला तो फरक कळतो, पाखराला नाही.

पहिला आला तो पाचू-कवडा. हिरव्या पंखांचा, झाडांतून सुसाट उडणारा. तो माझ्यातल्या करंजाकडे निघाला होता. मला दिसत होतं, पण मला ना ओरडता येत होतं ना बाजूला होता येत होतं. धप्प आवाज झाला. तो खाली पडला आणि माझ्यावर त्याच्या पिसांच्या भुकटीचा ठसा राहिला. पसरलेले दोन्ही पंख, मान, चोचीची जागासुद्धा. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

मग पाखरं येत राहिली. शिंजीर, हळद्या, तांबट. संस्थेतला तरुण संशोधक सम्यक प्रत्येकाला हळुवार उचलायचा, पंख मोजायचा, वजन करायचा, चिठ्ठी बांधून फ्रीजमध्ये ठेवायचा. नोंदवहीत लिहायचा, 'ठिकाण: कार्यालयाचं आवार'. कारणाचा रकाना मात्र कोराच. एका जूनमध्ये नवरंग पडला, तेव्हा तर सगळे धावत आले. "नवरंग! आपल्या आवारात! यादीत घाल रे," ताई आनंदाने म्हणाल्या. आवारात दिसलेल्या पक्ष्यांच्या यादीत एकाची भर पडली. इतकी जाणती माणसं, पण कुणी मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.

पाहायच्या त्या फक्त जानकीबाई. सफाईचं काम करणाऱ्या, मालवणकडच्या. रोज सकाळी बाहेरून मला पुसायला येत. पाणी वाचवायचं म्हणून काच कोरड्या फडक्यानेच पुसायची, असा संस्थेचा नियम होता. जानकीबाई ठशाजवळ क्षणभर थांबत, काहीतरी पुटपुटत आणि फडकं फिरवत. भुकटी निघून जाई. पिसांचा तेलकटपणा कुठे निघतो? तो माझ्या अंगावर तसाच राही. माणसांना दिसत नसे, मला प्रत्येक ठसा जाणवत असे. या इथे शिंजीर, त्याच्या वर हळद्या. सकाळचं ऊन चढलं की मला वाटे, सगळे पुन्हा फडफडताहेत.

गेल्या ऑगस्टमध्ये एक मोठी बैठक होती. विषय होता, संस्थेमुळे निसर्गाला होणारा त्रास कसा कमी करायचा. कागदी कप बंद करून स्टीलचे पेले आणायचे, गच्चीवर सौर पॅनल लावायचे, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचे नाहीत. चर्चा झकास चालली होती, आणि एसी अठरावर होता. माझं अंग गारठलं. बाहेर पावसाची दमट हवा. बघता बघता माझ्यावर बाहेरून दव धरलं, आणि जिथे जिथे तेलकट ठसे होते तिथे ते धरलं नाही.

आणि ती सगळी आली. वरपासून खालपर्यंत, एकावर एक, पंख पसरलेली पाखरं.

बोलता बोलता ताई थांबल्या. "हे काय आहे? जानकीबाई, जरा पुसून घ्या ना पटकन."

जानकीबाई बाहेर आल्या, फडकं हातात धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मग आत आल्या आणि फडकं टेबलावर ठेवलं. "माका नाय जमूचा, मॅडम. ह्यो डाग न्हय. ह्यां पाखरू आसा. तां बगा, तां पण. रोज पुसतंय मी. किती पुसू?"

सम्यक उठला, फ्रीजमधले डबे घेऊन आला. चिठ्ठी बांधलेलं एकेक पाखरू त्याने टेबलावर ठेवलं. टेबल पुरेना, तेव्हा तो खुर्चीवर ठेवू लागला.

"मी मोजत होतो, ताई," तो म्हणाला. "नुसतं मोजतच होतो."

ताईंनी नोंदवही ओढली. कारणाच्या प्रत्येक कोऱ्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'आमची काच'. पानं संपेपर्यंत लिहीत होत्या. मला वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एसी बंद झाला आणि बाजूच्या खिडक्या उघडल्या. माझ्यावर बाहेरून दर दोन बोटांवर पांढरे ठिपके काढायचं ठरलं, म्हणजे पाखरांना मी दिसेन. सम्यक आणि जानकीबाईंनी मिळून सुरुवात केली. ताईंचं लाडकं जंगल आता ठिपक्यांआडून दिसतं, त्या तक्रार करत नाहीत. ठिपके आले तिथे तेव्हापासून एकही पाखरू आदळलेलं नाही.

पण कार्यालयातल्या शिडीवरून माझ्या वरच्या दोन हात उंचीच्या पट्ट्यापर्यंत पोचता येईना. "गणपतीनंतर मोठी शिडी मागवू," म्हणाले. जानकीबाई गावी जाऊन आल्या. गणपती झाले, नवरात्र झालं, सगळे नव्या अहवालाला लागले. त्या अहवालात माझा फोटो आहे, खालच्या भागाचा.

आता ऑक्टोबर आहे. दूरदूरची पाखरं हजारो मैल उडून इथे उतरण्याचे दिवस. माझ्या वरच्या त्या पट्ट्यात अजून करंजाचा शेंडा हलतो आहे, हिरवागार, अगदी खऱ्यासारखा. समोरून काहीतरी येतंय. लहान आहे, दमलेलं आहे, त्याला टेकायला फांदी हवी आहे.

ताई, सम्यक, कुणीतरी या. शिडी आणा.