चाळीस ग्रॅम जास्त

टेबलाखाली, दोन गुडघ्यांच्या मधे, काटेरावांनी बटाट्यांची वाटी छोट्या वजनकाट्याच्या आकड्याला लटकवली आणि श्वास रोखून धरला.

दोनशे चाळीस.

त्यांनी वाटीला जरा हिसका दिला. स्प्रिंगच्या काट्याला कधीकधी आळस चढतो, दोनदा हिसका दिला की मग तो खरं बोलतो. पण हा काटा पुन्हा दोनशे चाळीसच म्हणाला.

"काही पडलं का, साहेब?" वरून आवाज आला.

लंबू वेटर. हा माणूस इतका उंच होता की ऑर्डर घ्यायला वाकला की गिऱ्हाइकाला वाटे, आता पाया पडतोय की काय.

"रुमाल पडला," काटेराव टेबलाखालून म्हणाले.

"रुमाल खिशातच आहे तुमच्या. वरच्या."

काटेरावांनी वाटी वर आणून ताटलीत ठेवली, काटा चष्म्याच्या एका जुन्या घरात घातला आणि ते घर कोटाच्या आतल्या खिशात सारलं. चमचा आधीच स्वच्छ होता, तरी लंबूने तो एकदा पुसला, पंख्याचा रोख जरा टेबलाकडे वळवला आणि निघून गेला.

हेच. हेच तर काटेरावांना खुपत होतं.

काटेराव म्हणजे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. हे नाव त्यांना बाजाराने दिलेलं. असं सांगतात, की ते बाजाराच्या या टोकाला बसमधून उतरले, की त्या टोकाच्या तराजूंची पारडी आपोआप समान व्हायची. एका वाण्याच्या काट्यातली खोट तर म्हणे त्यांच्या नुसत्या शिंकेने गळून पडली. आता याला कोणी थाप म्हणेल. बरं, शिंक नसेल, खोकला असेल. पण एकतीस वर्षांत त्यांनी पारड्याखालचं मेण काढलं, पोकळ केलेली मापं पकडली आणि कोणाच्या दुकानात फुकटचं पाणीदेखील प्यायले नाहीत. नोकरीने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: पारडं आपोआप खाली जात नसतं. खाली गेलं, की अंगठा शोधायचा.

आणि इथे त्यांचं स्वतःचं पारडं चाळीस ग्रॅमने खाली जात होतं.

बायको गेल्याला चौदा महिने झाले होते. आधी दोघं फक्त रविवारी या हॉटेलात जेवायला यायची, बावीस वर्षं. आता ते एकटे रोज दुपारी यायचे. लंबू त्यांच्यासाठी पंख्याखालचं टेबल धरून ठेवी. सूप वाफाळतं आणी. चहाच्या कपाखाली कोरडी बशी देई. आणि या सगळ्याबद्दल काटेरावांनी त्याला टीप किती दिली होती? शून्य. बिल सत्त्याऐंशी झालं, की ते नाण्यांच्या बटव्यातून मोजून सत्त्याऐंशी काढत. नव्वद ठेवून 'राहू दे' म्हणणारी माणसं त्यांना लाच देणाऱ्यांच्याच पंगतीतली वाटत. ज्याला कामाचा पगार मिळतो, त्याला वरचे तीन कशाला?

मग हा उंच माणूस इतका का झिजतो? हात ओला तर मैत्र भला, आणि इथे तर हात बावीस वर्षं कोरडा. कुठेतरी पाणी मुरत होतं. याचा आपल्या घरावर डोळा आहे का? एकटा म्हातारा, मागे कोणी नाही. काटेरावांनी दाराचं कुलूप बदललं. आठवड्याने नवं कुलूपही बदललं, कारण कुलूपवाला लंबूसारखाच उंच होता.

शेवटी त्यांनी रीतसर तपासणी सुरू केली. अकरा दिवस. नऊ दिवस लंबूने वाढलं, दोनशे चाळीस. दोन मंगळवारी त्याची सुट्टी होती, मिशीवाल्या वेटरने वाढलं, दोनशे. संशयाला जागाच उरली नाही. म्हणजे आता नुसता संशयच उरला.

चहा संपवून ते उठले आणि थेट गल्ल्यावर गेले.

हॉटेलचे मालक गल्ल्यावर असे बसत, जणू समोरचा प्रत्येक माणूस चमचा खिशात घालून चाललाय. काटेरावांचं ऐकता ऐकता त्यांचे डोळे बारीक झाले.

"चाळीस ग्रॅम? रोज?"

"मंगळवार सोडून."

"म्हणजे महिन्याला किलोभर बटाटे. तुम्हाला एकट्यालाच. आणखी कोणाकोणाला देत असेल देव जाणे. मी घरात रोज म्हणतो, बटाटे जातात कुठे. तर बायको म्हणते, तुमच्याकडे बघून कळतं."

"मी फक्त वस्तुस्थिती सांगितली."

"साहेब, एवढं लिहून द्याल का? सहीनिशी. जुना माणूस आहे, असं तोंडी काढलं तर बाकीचे वेटर माझ्या अंगावर येतील. तुमच्यासारख्या माणसाचा कागद असला, की आजच्या आज त्याला घरी पाठवतो."

"देतो," काटेराव म्हणाले.

ते पुन्हा टेबलाशी येऊन बसले. मालकाने दिलेला कोरा कागद समोर ठेवला, पेनचं टोपण काढलं, आणि थांबले. आरोपीचा जबाब घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात सही केलेली नव्हती.

"लंबू, इकडे ये. बस."

"ड्यूटीवर बसत नाही आम्ही. विचारा." लंबूने कागदाकडे पाहिलं, मग गल्ल्याकडे. त्याला कळायचं ते कळलं असावं, कारण त्याने खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"मला चाळीस ग्रॅम जास्त का वाढतोस?"

"मोजलंत होय? मला वाटलं, डॉक्टरांनी खाली वाकायचा व्यायाम सांगितलाय."

"उत्तर दे. मालकाचा माल आहे तो."

"मालकाचा नाही. आम्हाला दुपारी जेवायला एक वाटी मिळते. त्यातला एक बटाटा तुमच्या वाटीत टाकतो. तुम्ही बारीक झालात."

काटेरावांचं पेन हवेतच राहिलं. म्हणजे प्रकरण वाटलं होतं त्याहून खोल होतं. मालकाचं चोरून देणारे त्यांनी शेकडो पाहिले होते. स्वतःच्या ताटातलं देणारा बदमाश पहिलाच.

"का पण? तुला काय हवंय माझ्याकडून? घर? कुठे वशिला?"

"काही नको. पैसे मिळालेत त्याचे."

"कोणाकडून?"

"बाईंकडून."

"कोण बाई?"

"तुमच्या," लंबू म्हणाला. "दर रविवारी ठेवायच्या. बशीखाली."

"खोटं. मी समोर बसलेलो असायचो."

"समोर असताना नाही. तुम्ही पुढे जायचात ना, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभे राहून घड्याळ बघत? तेव्हा त्या परत यायच्या. कधी छत्री राहिली, कधी रुमाल, कधी चष्म्याचं घर. उचलायच्या, बशीखाली नाणी सरकवायच्या आणि जायच्या."

"विसराळू होती ती," काटेराव म्हणाले. "पहिल्यापासून."

"बाई?" लंबू पहिल्यांदाच गोंधळला. "माझी मुलगी कितवीत आहे, तिचा कोणता दात पडलाय, सगळं ध्यानात असायचं त्यांच्या. एकदा मी पाठ दुखते म्हणालो. तीन महिन्यांनी विचारलं त्यांनी, उजवीकडचं दुखणं थांबलं का. त्या कशाच्या विसराळू? एकदाच म्हणाल्या होत्या, 'आमच्या यांना कळू देऊ नका हं. जन्मभर कोणाचं घेतलं नाही त्यांनी. घरातूनच देणं चाललंय कळलं तर मनाला लावून घेतील.'"

काटेरावांनी खिशातून ते चष्म्याचं घर काढलं. आता त्यात काटा असायचा, पण घर बायकोचं. त्यावर त्यांनीच पंधरा वर्षांपूर्वी चिकटवलेली चिठ्ठी होती, तपासणीच्या अहवालाला शोभेल अशा अक्षरात: 'मालकीण विसराळू आहे. सापडल्यास खालील पत्त्यावर पोचते करावे.' अशी चिठ्ठी त्यांनी तिच्या छत्रीला लावली होती, पिशवीला लावली होती. पैशांचा बटवाही तिच्याकडून काढून स्वतःकडे घेतला होता. भाजीपुरते मोजून देत. तरी दर आठवड्याला त्यात दोन-तीन नाणी कमी पडत. "भाजीवालीने सुटे दिले नाहीत," बायको सांगे. त्या भाजीवालीच्या काट्याची काटेरावांनी तीनदा अचानक तपासणी केली होती. तिन्ही वेळा काटा चोख निघाला, तेव्हा वहीत लिहिलं होतं: 'अत्यंत धूर्त बाई.'

हे सगळं आठवून हसू यायला हरकत नव्हती. पण त्यांना आठवली ती मेहुणी.

बायकोची धाकटी बहीण चार तासांवर राहायची, मधे गाडी बदलावी लागे. "मी एकटी जाऊन येते ना दोन दिवस," बायको म्हणायची. ते म्हणायचे, "तू? रुमालासाठी दर आठवड्याला परत फिरतेस. भलत्याच गावी उतरशील. मला रजा मिळाली की जाऊ." रजा कधी मिळे, बहुधा नसे. बहीण आजारी पडली त्या आठवड्यात त्यांची बाजारात मोठी तपासणी होती. दोघं पोचली तेव्हा सगळं आटोपून एक दिवस झाला होता. परतीच्या गाडीत बायको खिडकीबाहेर बघत बसली होती.

एक वाक्य बोलली असती, तर तिला एकटीला जाता आलं असतं. मी विसराळू नाही, एवढंच. पण मग 'परत कशाला फिरतेस?' हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला असता. ते विचारल्याशिवाय राहणारे नव्हते, आणि तिला ते माहीत होतं.

"साहेब, झालं का लिहून?" गल्ल्यावरून मालकाने विचारलं.

लंबू हलक्या आवाजात म्हणाला, "काय लिहायचं ते लिहा. फक्त माझ्या वाटीचं लिहू नका. तुम्ही मला वाचवायला जाल आणि उद्यापासून मालक सगळ्यांच्याच वाटीतला एक बटाटा कमी करतील. म्हणतील, उरतोय वाटतं तुम्हाला."

काटेरावांनी खाली मान घालून लिहिलं. सही केली, तारीख घातली, आणि कागद स्वतः नेऊन गल्ल्यावर ठेवला. मालकाने तो मोठ्याने वाचला.

"'माझ्याजवळील काट्याची तपासणी केली असता त्यात चाळीस ग्रॅमचा दोष आढळला. सबब त्यावर घेतलेली वजने ग्राह्य धरू नयेत.' म्हणजे काय साहेब?"

"बटाटे दोनशेच आहेत."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारीही दोष होता. उलटा."

एकतीस वर्षं नोकरीची आणि त्यावर सहा निवृत्तीची, एवढ्या काळात काटेरावांनी सहीनिशी लिहिलेलं ते पहिलं खोटं. मालकाने त्यांच्याकडे, मग लंबूकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. मालकाचा विश्वास बसला नव्हता. पण काटेरावांची सही खोटी म्हणायची, तर बाजारात दुसरं खरं काय उरतं? त्यांनी कागद दुमडून गल्ल्यात टाकला.

बिल सत्त्याऐंशी झालं होतं. काटेरावांनी बटव्यातून सत्त्याऐंशी मोजले. वरची तीन नाणी बोटांत घेतली, सोडली, पुन्हा घेतली. लंबू समोर उभा होता आणि त्याच्या देखत ते हातून होईना. शेवटी त्यांना युक्ती सुचली. छत्री खुर्चीला तशीच अडकवून ते बाहेर पडले, टपालपेटीपर्यंत गेले आणि घड्याळात बघून वळले.

लंबू मागेच उभा होता, दम लागलेला. "साहेब, छत्री."

काटेरावांनी छत्री घेतली.

"तुम्ही कशाला धावत आलात," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून लंबूने आजवर कधी 'तुम्ही' ऐकलेलं नव्हतं. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग टपालपेटीकडे, मग त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे. मग तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काटेरावांनी वाटी मोजली नाही. सगळे बटाटे खाल्ले, चहा घेतला, सत्त्याऐंशी मोजून दिले आणि उठले. चष्म्याचं घर काट्यासकट टेबलावर राहिलं. टपालपेटीपाशी पोचून त्यांनी घड्याळ पाहिलं. बायकोला दोन मिनिटं लागायची. दोन मिनिटं म्हणून ते किती वैतागायचे.

ते परत आले तेव्हा घर जिथल्या तिथे होतं. लंबू चार नंबरचं टेबल पुसत होता. टेबल कोरडं आणि लखलखीत होतं, पण लंबू त्यांच्याकडे पाठ करून ते पुसतच होता.

काटेरावांनी बशी जरा उचलली आणि खाली तीन नाणी सरकवली. एक नाणं बशीला लागून खणकन वाजलं. दोन टेबलांवरच्या माणसांनी वळून पाहिलं. बायकोच्या हातून ते बावीस वर्षांत एकदाही वाजलेलं नव्हतं.

लंबूने मागे वळून पाहिलं नाही.

काटेरावांनी चष्म्याचं घर उचललं आणि ते उभ्या उभ्याच अंगठ्याच्या नखाने वरची चिठ्ठी खरवडायला लागले. डिंक कचेरीतला होता, जुना, पक्का. एक कोपरा तेवढा सुटला. ते खरवडत राहिले, आणि पलीकडे लंबू टेबल पुसत राहिला.