मागची कोरी पानं

मित्रांनो, मी एक जुना अंक आहे. छापलेला नव्हे, हाताने लिहिलेला. माझी एकच प्रत निघाली. १९७८ च्या दिवाळीत भिलाईच्या सेक्टर सहामध्ये रत्नमालाबाईंनी मला सुरेख अक्षरात उतरवलं आणि शेवटी आठ कोरी पानं अभिप्रायासाठी सोडली. सायकलच्या हँडलला पिशवीत लटकून मी मराठी घरांतून फिरायचो. प्रत्येक घरी दोन दिवस मुक्काम, लेखकांची घरं सगळ्यात शेवटी. काय मिरवलो म्हणून सांगू.

माझ्यात कॅम्प-१ या वस्तीतल्या कमलिनीचं पहिलंच लेखन होतं. इस्पितळात तिची आई म्हणाली होती, "कमल, मले घरी ने." ते राहून गेलं. त्याचं दुःख तिने चार पानांत मांडलं होतं.

दिवाकरसाहेब कारखान्यात अधिकारी. माणूस वाईट नव्हता. इथली मुलं हिंदीत वाढताहेत, निदान वाचतील ती मराठी शुद्ध असावी, ही त्यांची तळमळ. त्यांनी लाल शाईने कमलिनीची पानं तपासली, मरणाऱ्या आईचं वाक्यसुद्धा दुरुस्त केलं आणि मागे लिहिलं, "अशी भाषा लाजिरवाणी आहे."

पुढचं घर विद्याधर कारकुनाचं. त्याने खाली खरडलं, "खुर्ची मोठी झाली म्हणून मराठी तुमच्या बापाची झाली नाही." मग घराघराने बाजू घेतली. बाजारात भेटल्यावर हसून नमस्कार करणारी माणसं माझ्या पानांवर एकमेकांची लायकी काढू लागली. आठही पानं भरली. कमलिनीच्या आईबद्दल मात्र कुणी एक ओळ लिहिली नाही. मला फार लाज वाटली.

शेवटी मी कमलिनीकडे पोचलो. तिने सगळं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन बाईंकडे गेली.

"बाई, माही माय गेली, हे कोनी वाचलंच नाही. मले ते पानं वापस द्या."

बाईंनी ब्लेडने चार पानं कापून दिली. कमलिनीने पुन्हा काही लिहिलं नाही. पुढच्या दिवाळीत अंकही निघाला नाही. तेव्हापासून मी ट्रंकेत पडून आहे.

मित्रांनो, कुणाची भाषा खटकली तर जरूर सांगा, पण आधी तो काय सांगतोय ते वाचा, आणि तोंडावर बोलवणार नाही ते कागदावरही लिहू नका. सांगतो खरा, पण ऐकणारं कोण आहे?

मध्यंतरी बाईंच्या नातीने मला उघडलं. लाल-निळ्या शाईची ती पानं पाहून तिने विचारलं, "आजी, ये लोग किस बात पे लड़ रहे थे?"

बाईंनी मला पुढून मागून चाळलं. दाखवायला कमलिनीची पानंच नव्हती.