एकसारखे तीन थर

बादल्यांच्या कारखान्यात काकांनी एकतीस वर्षं माल तपासला. कड जरा वाकडी दिसली की बादली बाजूला, असा त्यांचा दरारा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराला प्लास्टिकचं गडद तपकिरी दार स्वतः तपासून आणलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते वाकलं. कुलपाच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीपासून बोटभर सुटला. हे साऱ्या गल्लीला दिसत होतं. काकांना दिसत नव्हतं, कारण दार त्यांनी तपासलेलं होतं.

थंडी सुरू झाली तसा फटीतून वारा यायला लागला. आधी शीळ घालायचा, मग थेट काकूंच्या मानेवर. काकूंचं शिलाई मशीन दाराशेजारी, कारण उजेड तिथेच. मान आखडून डावीकडे वळली ती वळलीच. आठवडाभरात काकूंना समोरचं काही दिसेना. शेजारणीच्या घरातलं मात्र सगळं पाठ झालं.

काकांनी आधी भिंतीला दोष दिला, मग वाऱ्याला, मग मानेला. शेवटी काकूंनी जाहीर केलं, रविवारपर्यंत वारा बंद झाला नाही तर त्या थंडी संपेपर्यंत बहिणीकडे राहतील. बॅग भरून झाली. साडूला गाडी घेऊन यायचं फर्मान गेलं. काकांनी मनात हिशोब मांडला. चहा एकवेळ स्वतः करून घेता आला असता, पण तो बिघडला की बोलायचं कुणाला?

शनिवारी त्यांनी फोमची चिकटपट्टी आणली. वरच्या कोपऱ्यात तीन थर लावले तेव्हा कुठे फट बुजली. बाकी चौकटीला एकाचीही गरज नव्हती. पण एकीकडे तीन आणि दुसरीकडे काहीच नाही, म्हणजे दार वाकडं असल्याची लेखी कबुलीच की. काकांनी चारी बाजूंना तीन-तीन थर लावले. एकसारखा माल. मग खांद्याने धडका देऊन दार बंद केलं, कुलूप फिरवलं आणि घाम पुसला.

वारा थांबला. रविवारी सकाळी काकूंनीही ते मान्य केलं आणि फाटकाशी आलेल्या साडूला परत पाठवायला निघाल्या. कुलूप फिरेना. काकांनी दोन्ही हातांनी जोर लावला, पाय भिंतीला टेकवून पाहिला. दार ढिम्म.

"आता बाहेर कसं जायचं?" काकूंनी विचारलं.

"बाहेर एवढं काय आहे?" काका म्हणाले.

काकूंनी बॅग उचलली आणि खिडकीतून साडूच्या हातात दिली. मागोमाग स्वतः बाहेर पडायला स्टूलही खिडकीखाली ओढलं. साडूने तोवर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावून आणलं होतं. त्याने बाहेरून दार न्याहाळलं, पातं काढलं आणि खिडकीतून आत विचारलं, "काका, कुठला कोपरा वाकलाय सांगा. तिथली पट्टी ठेवतो, बाकीची कापतो."

"दार सरळ आहे."

"मग सगळीच काढतो," मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला.

काकूंचा एक पाय स्टुलावर होता. दुसराही वर आला. काकांनी त्या पायांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा पायांकडे पाहिलं.

"थांब," ते म्हणाले. "वरचा. कुलपाकडचा." मग अगदी हळू, "तपासला तेव्हा सरळ होता."

काकू स्टुलावरच थबकल्या. मिस्त्रीने कोपरा सोडून बाकीची पट्टी खरवडून काढली, कुलपाची जीभ अडकते तो पत्रा जरा सरकवला, बिजागऱ्या कसल्या. वीस मिनिटांत दार एका बोटाने उघडत होतं, एका बोटाने लागत होतं, आणि फटीशी धरलेला दोरा हलत नव्हता.

काकू खाली उतरल्या. "भाऊजी, बॅग द्या परत. मी राहतेय इथेच."

साडूने बॅग इतक्या तत्परतेने दिली आणि गाडी इतक्या वेगाने मागे घेतली की शेजारणीची कुंडी थोडक्यात वाचली.

"पाहिलंत?" काकू म्हणाल्या. "आणि ह्या भाऊजींकडे मी चार महिने राहणार होते."

काकांना यावर बोलण्यासारखं पुष्कळ सुचलं. पण दार नुकतंच नीट उघडायला लागलं होतं.